त्र्याहत्तर दाण्यांचा घोटाळा

तीर्थस्वरूप ताझुकोताईस,

सुमिएचा वाकून नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, म्हणून थोडा कमीच वाकून). छपरावरचा बर्फ उतरला का? गुडघे काय म्हणतात? तू अजून पेजेवरच आहेस, हे शेजारच्या मियोबाईंकडून कळलं. तू कुठली सांगायला!

इकडे मी मोठाच घोटाळा करून बसले. दंत महाविद्यालयात मी उंदीर सांभाळते (तू गावात 'सुमिए कॉलेजात असते' एवढंच सांगतेस, तेही ठाऊक आहे). यंदा ओरितो नावाच्या विद्यार्थिनीची बारा पिल्लं माझ्याकडे आली. सहांना खाद्याच्या कडक गोळ्या, सहांना त्याच गोळ्यांचं पीठ. चावायलाच मिळालं नाही तर जबड्याच्या सांध्याचं हाड कसं वाढतं, हे तिला बघायचं होतं. त्यावरच तिची पदवी. पण ताई, पीठवाल्यांचे चेहरे बघवेनात गं! शेजारी कुडुमकुडुम चाललेलं, आणि हे बिचारे आजाऱ्यासारखे पीठ चाटतायत.

त्यात सेत्सुबुनला तुझं पाकीट आलं. घरातून राक्षस हाकलून झाले की ज्याने त्याने आपल्या वयाएवढे भाजलेले सोयाबीन खायचे, आणि तू आपल्या वाट्याचे त्र्याहत्तर मोजून मलाच पाठवलेस, वर चिठ्ठी: 'मला चावत नाहीत, तूच खा.' अगं, दुसऱ्याच्या वयाचे दाणे मी कशी खाऊ? (माझे चौसष्ट खाऊनच पोट फुगलं होतं.) बरं, तुझं आयुष्य कचऱ्यात तरी कसं टाकू? म्हणून पीठवाल्यांना रोज पाव-पाव दाणा दिला. जवळजवळ सात आठवडे पुरले.

गेल्या आठवड्यात क्ष-किरण फोटो काढले, तर पीठवाल्यांची हाडं शेजाऱ्यांइतकीच दणकट! पिंजरे अदलाबदल केलेस का, म्हणून सरांनी ओरितोलाच झापलं. पोर हात धुवायच्या नळाशी उभी राहून रडली. मला राहवलं नाही, सगळं कबूल केलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. काल येऊन म्हणाली, "सुमिएबाई, दाणे किती, रोज केवढा, नीट लिहून द्या." आता तिसरा पिंजरा लागणार: पीठ आणि पाव दाणा. पदवी मात्र सहा महिने लांबली, आणि ती माझ्यामुळे. फार वाईट वाटतं गं.

तुझी धाकटी,
सुमिए

ता. क. नव्या पिंजऱ्यासाठी तुझ्याच शेतातले त्र्याहत्तर दाणे हवेत.

ता. क. दुसरा. दाण्यांचं निमित्त गं. ओरितोने एक जुना फोटो दाखवला, नुसत्या पिठावर वाढलेल्या उंदराचा. सांध्याचं हाड संपत आलेल्या साबणासारखं. मला त्यात उंदीर दिसलाच नाही, तू दिसलीस. आमच्या इथे दर बुधवारी कवळ्या नीट करून देतात. तुझं नाव घातलंय. दाणे पोस्टाने नको, तूच घेऊन ये. आणि कवळी कपाटात ठेवून येऊ नकोस.

ता. क. तिसरा. पुढच्या सेत्सुबुनचे चौऱ्याहत्तर तू माझ्यासमोर बसून खायचेस. मी मोजणार आहे.