दारापासून अठरा पावलं

एपिदौरोस, द्राक्षतोडणीच्या महिन्याचा सहावा दिवस

हर्मिओनीच्या एवाग्रोस दाजींना दामोनचा नमस्कार. तुम्ही आणि तुमची होडी सुखरूप असाल तर बरं. मी बरा आहे.

आधी गोड बातमी. तुम्हाला मुलगा झाला. परवा दुपारी, डोंगराखालच्या धनगराच्या झोपडीत. दारावर ऑलिव्हच्या डहाळ्यांचं तोरण मीच बांधलं. नाक तुमचंच, मोठं. धनगराची बायको त्याला शेळीचं दूध पाजते, तो चाटूनपुसून संपवतो.

देवळाची एवढी मोठी धर्मशाळा सोडून धनगराकडे का, असं तुम्ही विचाराल. सांगतो. देवळात फळलेल्या नवसांच्या पाट्या कोरणारा मी, तेव्हा जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत.

नऊ वर्षं तुमच्याकडे पाळणा हलला नव्हता. मीच मिर्तोताईला इथे बोलावलं, देवाच्या मंडपात झोपवलं. स्वप्नात देवाचा साप तिच्या पोटावर येऊन बसला, आणि घरी परतल्यावर दिवस राहिले. तुम्ही अख्ख्या बंदराला मासे वाटलेत! मग मीच निरोप धाडला, की बाळंतपणाआधी आभाराचा कोंबडा वाहून जा, आपल्या वैद्यदेवाला, आस्क्लेपिओसला, उशीर खपत नाही. सातवा लागलाय, असं ती म्हणाली. मी बोटांवर मोजलं आणि म्हटलं, ये. चूक माझी, दाजी.

परवा सकाळी ती कोंबडा काखेत मारून आली. मला बघून म्हणाली, "काय रे, देवाघरचं खाऊन पोट सुटलंय तुझं! माझ्याशी पैज लावतोस की काय?" आम्ही हसलो. कोंबडा वाहिला. परत निघताना कळ येऊन ती दाराशी वाकली आणि तिने खांब धरला.

नियम तुम्हाला ठाऊक आहे. देवाच्या आवारात कुणी मरायचं नाही, कुणी जन्मायचं नाही. विटाळ होतो. पुजारी ओरडला, "दामोन, बाहेर काढ तिला! आत्ताच्या आत्ता!"

आत गार पाणी होतं, सावली होती, वैद्य होते. ताई खांब सोडेना. म्हणाली, "इथंच राहू दे रे मला. त्यानेच दिलंय ना?"

मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

हद्दीच्या दगडापलीकडे नेलं. अठरा पावलं. नंतर जाऊन मोजली. विटाळाच्या भीतीने एकही वैद्य उंबरा ओलांडून आला नाही. धनगराची बायको धावत आली, आम्ही ताईला झोपडीत नेलं. वाटभर रक्त होतं. बाळ रडलं तेव्हा तिने विचारलं, "काय आहे?" मुलगा, म्हटलं. "त्यांना सांग," म्हणाली.

ताई गेली, दाजी. काल तिला इथेच पुरलं. ऊन थांबू देईना.

माझा अजून विश्वास बसत नाही. देव देतो आणि कर्म नेतं, असं आई म्हणायची. इथे कर्म कुणाचं? ताईने काय केलं होतं? या देवाला म्हणे त्याच्या मेलेल्या आईच्या चितेतून ओढून काढलं होतं. आमच्याकडचे म्हणतात, याच डोंगरावर शेळीने त्याला दूध पाजलं. आणि त्याच्याच दारात एका आईला जागा नाही? या घरात मी अकरा वर्षं राहिलो आणि एकदाही हे मनात आलं नाही, याचाच मला धक्का बसलाय.

आज पुजाऱ्याने नवी पाटी कोरायला दिली: 'हर्मिओनीच्या मिर्तोला मूल नव्हतं. देवाने मुलगा दिला.'

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. नवस फळला की नाही?"

बाळ दहा दिवसांचं व्हायच्या आत या. बापाने उचलून नाव ठेवलं नाही, तर ते पोर कुणाचंच नाही, ते उघड्यावर टाकलं जाईल. माझं तोंड बघू नका हवं तर. त्याचं बघा.

हे पत्र मध्येच ठेवून मी पाटी पुरी केली. सांगितलेल्या ओळींखाली एक ओळ माझी: 'आईला अठरा पावलं बाहेर काढलं, ती गेली.' सकाळी पुजारी ती फोडेल, मलाही हाकलेल. मग मी झोपडीतच सापडेन, बाळापाशी.

ज्याने ती बोटं सोडवली, तो तुमचा मेहुणा,
दामोन