रविवारी तीन वाजताच्या सिनेमांची वाटणी

मी, पुष्पांजली शेषराव वानखडे, वय ६९ वर्षे, सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार खामगाव, जिल्हा बुलडाणा, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते आज स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मागच्या महिन्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि सिनेमाचा पडदा पुन्हा लख्ख दिसू लागला. नजर स्वच्छ असताना लिहावे, एवढेच कारण. मला काही झालेले नाही. मुलांनी घाबरून गाडीत बसू नये.

१. उंद्री येथील तीन एकर शेत, राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझा मुलगा दीपक व मुलगी योगिनी यांना निम्मी-निम्मी. बांगड्या योगिनीला. यावर भांडण होणार नाही, ही मुले माझी आहेत.

२. घराची पुढची, शटरची खोली मात्र वरील वाटणीत धरू नये. तिथे यजमानांचे बियाण्यांचे दुकान होते. ते २०१३ साली वारले आणि खोली दोन वर्षे बंद राहिली. मी नोकरीभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचे बोलणे जोडून दिले, पण खास माझ्यासाठी म्हणून काही ऐकले नव्हते. योगिनी तेव्हा पुण्यात शिकत होती. एका सुट्टीत तिने माझ्या कानाला हेडफोन लावला आणि म्हणाली, "आई, बोलू नको, ऐक." चार पोरापोरींनी स्वतःच्या खोलीत बसून केलेले गाणे होते. मध्येच कोणाची तरी खुर्ची करकरली, तीही त्यांनी राहू दिली होती. मी ते गाणे लागोपाठ सात वेळा ऐकले आणि कुकरची शिट्टी मला ऐकू आली नाही. भात करपला.

त्यानंतर मला असलीच गाणी आणि आडवाटेचे सिनेमे यांचे वेड लागले. पण एकटीने पाहून पोट भरेना. शेजारणीला धरून सांगावे, तर ती म्हणे, "बाई, मले वरण टाकायचं हाय." शेवटी शटर उघडले, भिंतीला पांढरी चादर लावली आणि दर रविवारी दुपारी तीनला सिनेमा सुरू केला. पहिल्या दिवशी चौघे आले, त्यातले दोघे घोरले. आता चाळीस खुर्च्या कमी पडतात.

दीपकला तिथे मोबाईलचे दुकान घालायचे होते. त्याला हे सिनेमे आवडत नाहीत, आणि न आवडण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. दिवाळीत तो दाराशी उभा राहून पडद्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होता. संध्याकाळी म्हणाला, "आई, मले त्यातलं काहीच समजलं नाही. पण तू अशी हसताना मी बाबा गेल्यापासून पाह्यली नव्हती. दुकानाचं राहू दे." म्हणून ही खोली योगिनीच्या नावे करते. रविवारी तीनला शटर उघडावे. बाकी दिवस तिने काय वाटेल ते करावे.

३. प्रोजेक्टर व दोन्ही स्पीकर राजकुमार यांना. ते लग्नांचे शूटिंग करतात आणि दहा वर्षे आपला रविवारचा धंदा बुडवून माझ्या वायरी जोडत आले.

४. माझी धाकटी बहीण सुचिता, राहणार डोणगाव, हिने माझा सर्वांत आवडता सिनेमा मोबाईलवर बोटाने पळवत वीस मिनिटांत उरकला आणि "पाह्यला बाई तुझा पिक्चर" असे कळवले. हे मी विसरलेले नाही. माझी जांभळी पैठणी तिला द्यावी. तो सिनेमा न पळवता पाहिल्यावरच तिने ती नेसावी. कोणी तपासायला जाऊ नये. ती खोटे बोलणार नाही.

५. वेताची आरामखुर्ची माझे धाकटे दीर वामनराव यांना. याला कारण आहे. २०१६ साली ते एका सिनेमातून मध्येच उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, काही होऊनच नाही राह्यलं यात! काऊन लोकायचा टाइम खाता?" बाजारात त्यांनी मला येडी ठरवले. मीही तोंडाला तोंड दिले. सहा वर्षे आम्ही बोललो नाही.

मग त्यांच्या पत्नी, माझी जाऊ झुंबरबाई, गेल्या. दोन महिन्यांनी एका रविवारी वामनराव येऊन गुपचूप शेवटच्या खुर्चीवर बसले. त्या दिवशीच्या सिनेमात एक म्हातारा सकाळी उठतो, चहा करतो, सवयीने दोन कप काढतो, एक परत ठेवतो. बराच वेळ एवढेच चालते. मी पडदा सोडून मागेच पाहत होते. ते उठले नाहीत. दिवे लागल्यावर माझ्याजवळ आले. म्हणाले, "वहिनी, हे तर माह्याच घरचं हाय. कुठी पाह्यलं असन हो त्या पिक्चरवाल्यानं?"

मी म्हणाले, "बसा भाऊजी, चहा घेऊन जा."

तेव्हापासून त्यांचा एकही रविवार चुकलेला नाही. कोणी चुळबुळ केली तर तेच दरडावतात, "चूप बस बे! काही होत नाही, तेच तर पाहाचं हाय!" त्यांची कंबर धरते, म्हणून ही खुर्ची.

६. हार्ड डिस्कमधील गाणी ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी. दुसऱ्याला जरूर ऐकवावी, मात्र ऐकवताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बसू नये आणि गाणे संपताच "कसं वाटलं?" विचारू नये. मी ही चूक शेकडो वेळा केली आहे.

७. माझ्या तेराव्यानंतरच्या रविवारी खेळ बंद ठेवू नये. माझ्या आवडीचा सिनेमाही लावू नये. माझी आवड तुम्ही पुष्कळ सोसली. मी न पाहिलेला एखादा शोधून लावावा.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांना वाचून दाखवले व त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

पुष्पांजली शेषराव वानखडे (सही)

साक्षीदार:
१. डॉ. गोपाल निवृत्ती ताठे, खामगाव (सही)
२. प्रसेनजित तुळशीराम गवई, खामगाव (सही)

ठिकाण: खामगाव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५