आडोसा

८ एप्रिल २०२५

लेक हर्षाली आजपासून छाटणीच्या टोळीत गेली. मी नको म्हणालो होतो. तिनं डबा भरला, आईची कात्री पिशवीत टाकली आणि निघाली. बारावीचा निकाल लागेपर्यंत घरात बसून काय करू, म्हणाली. आई नाही, म्हणून घर जास्त मोठं वाटतं असंही म्हणाली.

रणधीररावांच्या द्राक्षबागेत खरड छाटणी चालू आहे. गेल्या वर्षी याच छाटणीत, याच बागेत अयोध्या गेली. माझी बायको. ओळीत काम करता करता पडली. ऊन लागलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं — हृदय बंद पडलं. हृदय बंद न पडता कोण मरतं? पण हे विचारायचं राहून गेलं. मी बोलत नाही हे सगळ्या बेंबळी गावाला माहीत आहे. पाण्याच्या मोटारी भरणाऱ्याला फारसं बोलावं लागत नाही. जळालेली तार उलगडायची, नवी गुंडाळायची.

९ एप्रिल

दुकानावर एक सर आले. यज्ञेश सर, इंजिनिअरिंग कॉलेजचे. त्यांच्याकडं घामाची पट्टी आहे. दंडावर चिकटवायची. ती घाम आत ओढून घेते. मधला ठिपका निळा असतो. घामावाटे पाणी आणि मीठ जास्त गेलं की लाल होतो. म्हणजे आता पाणी प्या, नाहीतर पडाल. महागडी घड्याळं हे सांगतात म्हणे, पण ही मजुरांसाठी, स्वस्तातली. त्यांना रणधीररावांच्या बागेत ती तपासायची आहे. सकाळी पट्ट्या लावायला आणि दुपारी त्यांच्या फोनवर ठिपक्यांचे फोटो काढायला गावातला माणूस हवा.

मी लगेच हो म्हणालो. हर्षालीच्या दंडावर ती पट्टी असली पाहिजे. मला एवढंच कळलं.

११ एप्रिल

दुपारी जवळजवळ सगळ्या बायकांचे ठिपके लाल. हर्षालीचा सगळ्यात गडद. आणि बांधावरच्या झाडाखाली माठ काठोकाठ भरलेला! कोणी हात लावला नव्हता. सर म्हणाले, जागृती कमी पडते, आपण फलक लावू.

संध्याकाळी हर्षाली भाकरी थापत होती. विचारलं, पाणी का पीत नाहीस?

"प्यायलं की जावं लागतं, पप्पा."

"मग जायचं."

"कुठं?"

ती तव्याकडंच बघत होती. मीही तव्याकडं बघितलं.

त्या बागेत मोटारीच्या कामाला मी कितीदा गेलो असेन. हे कधी डोक्यात आलं नाही. एरवी वेलींना पाला असतो, ओळीत आडोसा मिळतो. खरड छाटणीत सगळा पाला उतरवतात. नुसते खांब, तारा आणि वेलींचे आडवे, बोडके ओलांडे. या टोकाचं माणूस त्या टोकाहून दिसतं. ओढा आहे, पण पार पलीकडं. जाऊन येईपर्यंत मुकादम नावानं ओरडतो. पुरुषांचं काय, बांधाकडं तोंड केलं की झालं.

म्हणून बायका सकाळपासून पाणी तोडतात, घोटही घेत नाहीत. अयोध्याही तोडत असणार. मी तिला रोज सांगायचो, पाणी पीत जा गं. ती हूं म्हणायची. माझं ऐकलं नाही, म्हणून वर्षभर मी तिच्यावर मनातल्या मनात चिडून आहे. मेलेल्या माणसावर चिडणं फार वाईट. त्याची समजूत घालता येत नाही.

१२ एप्रिल

हनुमान जयंती. कामाला सुट्टी नाही. ठिपके लाल.

१४ एप्रिल

रणधीररावांचा नवा नियम — ठिपका लाल दिसला की बाईनं घरी जायचं. त्या दिवसाचा खाडा, मजुरी नाही. म्हणाले, माझ्या बागेत पुन्हा भानगड नको.

भानगड! अयोध्या म्हणजे भानगड!

हर्षालीला आज दुपारी घरी पाठवलं. ती रडली नाही. कात्री पुसली आणि खुंटीला लावली. पट्टी मीच लावली होती, फोटोही मीच काढला होता.

१६ एप्रिल

आज सगळे ठिपके निळे; एकीची पट्टी तेवढी पडली म्हणे. सर खूश! शांताक्कांची पट्टी तर निळीशार. सर म्हणाले, असा निकाल आम्हाला प्रयोगशाळेतसुद्धा मिळत नाही, या ताई दिवसभर काय खातात-पितात ते विचारून घ्या. बायकांनी पदर तोंडाला लावले. हर्षाली तर पाठच फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मला शंका आली. पाणी प्यायच्या निमित्तानं माठाकडं गेलो. माठाच्या खालच्या अंगाला एक पट्टी चिकटलेली. काढायची राहून गेलेली. बाजूला बाकीच्या काढल्याच्या चौकोनी खुणा.

म्हणजे सकाळी मी पट्टी लावून वळलो की ती दंडावरून माठावर. दुपारी माझी गाडी वाजली की माठावरून परत दंडावर. माठालाही घाम सुटतो. त्यात मीठ कुठलं? दिवसभर निळा!

शांताक्का टोळीत सगळ्यात वडील. जळकोटकडच्या. अयोध्याची आणि त्यांची ओळ कायम शेजारी असायची. त्यांना ओशाळं वाटलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या सरांना सांगा अण्णा, माठाची तब्येत लई चांगली हाय."

मी हसलो. वर्षात पहिल्यांदा. गाडीवर बसल्यावर हसलो म्हणून स्वतःचाच राग आला. पण त्याहून जास्त राग सरांचा आणि रणधीररावांचा आला. खाडा चुकवायला या बायका माठाचा घाम स्वतःचा म्हणून दाखवतात. आणि आम्ही त्याला निकाल म्हणतो.

१७ एप्रिल

सरांना सगळं सांगितलं. माठाचं, खाड्याचं आणि खरं कारण. 'लघवी' हा शब्द त्यांच्यासमोर काढताना कानशिलं तापली. तरी काढला. पुन्हा काढला. दुसऱ्यांदा सोपा गेला.

सर म्हणाले, संडास हा आपल्या प्रकल्पाचा विषय नाही. माणूस वाईट नाही. पण त्यांचा विषय दंडाशी संपतो.

मी त्यांचा फोन त्यांच्यासमोर ठेवला. बागेत आडोसा होईपर्यंत पट्टी लावणार नाही, सांगितलं. त्यांना दुसरा माणूस बघावा लागेल म्हणाले. बघा म्हणालो.

१८ एप्रिल

रणधीररावांकडं गेलो. दोन-चार बागाईतदार बसले होते. सगळ्यांसमोर सांगितलं.

रणधीरराव म्हणाले, "अंबादास, तू कवापासून बोलाया लागलास रे?"

"आत्ताच."

त्यांचं म्हणणं, ही द्राक्षाची बाग आहे, एस.टी. स्टँड नव्हे. बायका वर्षानुवर्षे येतात, कोणी मागितलं नाही. मी म्हणालो, जिनं मागायचं ती गेली. आता मी मागतोय. आडोसा होईपर्यंत तुमच्या बोअरच्या मोटारीला हात लावणार नाही. या उन्हात जळालीच तर सोलापूरला पाठवा.

चुलतभाऊ बाहेर गाठ पडला. म्हणाला, बायकांच्या मुताची वकिली करतोस, भावकीला तोंड दाखवायला जागा ठेव. मी म्हणालो, तुझ्या घरातली बाई कुठं जाते ते एकदा विचार. तो गेला. जाऊ दे!

२० एप्रिल

मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. पण आज टोळी बागेत आली आणि झाडाखाली बसून राहिली. कात्र्या पिशवीत. शांताक्का पुढं. मुकादम आधी ओरडला, मग गयावया करू लागला. शांताक्कांनी त्याला पानाचा डबा दिला म्हणे — खा, आमाला घाई न्हाय.

बाग अर्धी छाटलेली, अर्धी तशीच. छाटणी मागं-पुढं झाली की वेलींना नवी फूट एकसारखी येत नाही. रणधीररावांना हे मी सांगायची गरज नाही. संध्याकाळी निरोप आला — पत्रे ठोकून देतो.

२२ एप्रिल

झालं! चार बाजूंनी पत्रे, दाराला आतून कडी, खड्डा, पाण्याची टाकी. जागा मात्र ओढ्याकाठी. बागेजवळ वास येतो, असं रणधीररावांचं म्हणणं. आता जायला कोणी अडवणार नाही, हे मुकादमासमोर कबूल करून घेतलं. सर फोन घेऊन परत आले. हर्षाली माझ्यासमोर तांब्याभर पाणी प्यायली आणि तोंड पुसून तिनं माझ्याकडं बघितलं. अगदी आईसारखं.

एकट्या शांताक्का अडून बसल्या. "वढ्याकडं नको. हितं बागंत पायजे, आमच्या नजरंसमोर."

का, विचारलं. सांगेनात. नको म्हणलं ना, एवढंच. मी जरा चिडलो. मिळालंय ते घ्या की अक्का, म्हणालो. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि ओळीत निघून गेल्या.

२३ एप्रिल

सकाळी पत्रे उपटले. मी, हर्षाली आणि टोळी. बागेच्या मधोमध, दोन ओळी सोडून खड्डा घेतला. रणधीररावांना विचारलं नाही, कळवलं. काय करायचं ते करा म्हणालो.

पहाटे शांताक्का दुकानावर आल्या होत्या. उभ्यानंच बोलल्या. "अयोध्या वळीत पडली न्हवती, अण्णा. वढ्याला गेलती, एकलीच. लई येळ आली न्हाय म्हणून आमी बघाया गेलो, तर उन्हात पडलेली. जवळ कुणी असतं तर वाचली असती. आमी तिला उचलून वळीत आणली, लुगडं नीट केलं, मग तुमाला फोन केला. बाईची लाज हाय, म्हणून कुणी बोललो न्हाय."

मी विचारलं, तहानलेली होती का?

"न्हाय की. दोन तांबे पाणी पिलती त्या दिशी. आमी हसलो तिला. नवऱ्यानं सांगितलंय, म्हणली."