मागून मोजलेली रांग

गुरुजी, आज मी वर्गात एका पोरीला टाकून बोलले आणि तेव्हापासून तुमच्यावरच चिडून बसले आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, गेलेल्या माणसावर किती चिडायचं! मी आता आदिलाबादला कॉम्प्युटर शिकवते. सध्या डबली लिंक्ड लिस्ट चालू आहे, म्हणजे तुमच्या सहलीची रांगच. प्रत्येक नोडला, म्हणजे रांगेतल्या प्रत्येकाला, दोनच पत्ते ठाऊक, पुढच्याचा आणि मागच्याचा. कुणी मधून गेलं तर त्याच्या दोन्हीकडच्यांना एकमेकांचा पत्ता द्यायचा. कुणी मध्ये आलं तर चार गोष्टी सांगायच्या: दोन नव्याला, एक पुढच्याला, एक मागच्याला. पोरं तीन सांगतात, चौथी विसरतात. "म्याडम, इकडून बरोबर येऊन राह्यलं, तिकडून एक गायब हाये," आज ती पोरगी म्हणाली आणि माझा तोल गेला. आठवडाभर डोकं फोडतेय, पालथ्या घड्यावर पाणी!

मी चौथीत होते, आपण सहलीला बासरला, सरस्वतीच्या देवळात, गेलो होतो. डोकी मोजण्यावर तुमचा विश्वास नव्हता. "आकडा जुळते, न् पोरगं भलतंच असते," तुम्ही म्हणायचा. "आपल्या म्होरं कोन, मांगं कोन, हे ज्याच्या त्याच्या तोंडी पायजे." वाटेत निर्मल गावात तुमच्या मित्राची लेक बसमध्ये चढते आणि तुम्ही तिला रांगेत माझ्या मागे घालता. तिला दोन्हीकडचं सांगता, मलाही सांगता. माझ्या मागे आधी जो पोरगा होता, त्याला सांगायचं तेवढं राहून जातं. देवळातून परतताना गर्दीत रांग मोडते, ड्रायव्हर हॉर्न वाजवून जीव खातो, आणि तुम्ही घाईघाईत शेवटच्या पोरापासून सुरुवात करून प्रत्येकाला एवढंच विचारता, "म्होरं कोन?" तो पोरगा सकाळच्या सवयीनं माझं नाव घेतो. मी माझ्या पुढचीचं घेते. रांग पुरी झाली म्हणून बस सुटते.

दोन-तीन मैलांवर तुमच्या ध्यानात आलं. बस फिरवली. पोरगी घाटाच्या पायरीवर हुंदके देत बसली होती, एका नारळवालीनं तिला धरून ठेवलं होतं. खालीच गोदावरी. तुम्ही तिला उचललं आणि मग सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. "तुह्या मांगं होती ना पोरगी? काऊन नाही पाह्यलं?" चूक तुमची होती, गुरुजी! चौथी गोष्ट सांगायची तुम्ही विसरलात, वर मोजलंतही एकाच बाजूनं. पुढे कधी एका शब्दानं ते कबूल केलं नाहीत. मला त्याचा अजून राग येतो, आणि तो मी दुसऱ्यांच्या लेकरांवर काढते.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. म्हणून सांगून टाकते. बस सुटायच्या आधी मी मागे वळून पाहिलं होतं. ती नव्हती. दिवसभर तुम्ही तिच्याच पाठांतराचं कौतुक केलं होतं, मला एकदाही म्हणायला लावलं नव्हतं. तुम्ही पुढचं विचारलंत, मी पुढचंच सांगितलं.