पडवीतला प्लग

अंबत्तूर, चेन्नई
२४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आत्यास,
इराचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि आतोबांना बोलताना धाप लागते, म्हणून पत्रच लिहिते. तू पाठवलेले आतोबांचे रिपोर्ट इथल्या फुप्फुसांच्या डॉक्टरांना दाखवले. फुप्फुसं पूर्ववत होणार नाहीत, असं ते म्हणाले. पण निलगिरीत, तुमच्या एमराल्डच्या उंचीवर हवा विरळ आहे. आतोबांना खाली समुद्रसपाटीला आणलं तर श्वास सोपा होईल आणि पुढचे दिवस बरे जातील. जानेवारीची थंडी तिथे काढणं धोक्याचं आहे. किती धोक्याचं, हे मी विचारलं. त्यांनी उत्तर देण्याऐवजी कधी आणता ते विचारलं.

आडवं होऊन घराबाहेर पडणार नाही, असं सांगून आतोबांनी रुग्णवाहिकेला नकार दिला, हे कळलं. साध्या टॅक्सीत ऑक्सिजनचं मशीन चालणार नाही. माझी गाडी विजेची आहे आणि तिच्यात घरातल्यासारखं सॉकेट आहे. मशीन वाटभर त्यावर चालेल आणि आतोबा बसून येतील. कंपनीत माझं कामच बॅटऱ्यांच्या थंडीतल्या चाचण्यांचं आहे. चेन्नईच्या उकाड्यात मी दिवसभर स्वेटर घालून शीतकक्षात बसते. तेव्हा हिशेब माझ्यावर सोड.

घरमालकीण कनकामामी तळमजल्यावरची खोली द्यायला तयार आहेत. त्यांचं घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी माझ्या मराठीपेक्षा तीनेकशे वर्षांनी जुनं आहे आणि माझंच चुकतं असं त्यांचं मत आहे. तुझं-त्यांचं जमेल.

आतोबांना विचारून कळव. त्यांच्या वतीने तू ठरवू नकोस.

तुझी,
इरा

*

एमराल्ड, निलगिरी
२ डिसेंबर २०२५

चि. इरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाचून वाटलं, कारखान्याची नोटीस आली. अगं, आत्याला लिहिते आहेस, एखादी ओळ इकडची तिकडची चालते.

ह्यांना विचारलं. दोन दिवस गेले. मग गाडीच्या सॉकेटला किती व्होल्ट येतात असं विचारलं, तेव्हाच मी समजले की हे येणार. तू नेतेस म्हणून येतो म्हणाले, आणि उन्हाळ्यात परत आणून सोडायची अट घातली आहे. मी तुझ्या वतीने हो म्हटलं. एवढं तरी मला ठरवू दे.

बाकी ह्यांचं तेच. मशीनच्या लांब नळीचं शेपूट ओढत संध्याकाळची फेरी अजून चालू आहे. मशीनचा सोडून भिंतीतला एकेक प्लग काढायचा, वायरीला हात लावून बघायचा, गुंडाळी करून खिळ्याला टांगायची. दारूगोळ्याच्या कारखान्यात सगळी नोकरी गेली, रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, तरी घराचं कोठार झालेलं आहे. मिक्सर लावायचा तर आधी गुंडाळी सोडा. तू सुट्टीत क्वार्टरमध्ये यायचीस तेव्हा इस्त्री लावून खेळायला गेलीस म्हणून केवढी बोलणी खाल्ली होतीस, आठवतं का?

इकडे सकाळी गवतावर हिम पडायला लागलं आहे. शेजारच्या नंजनचं गाजर करपलं. लवकर ये, आणि थोडी जाडी होऊन ये.

तुझी,
रत्नप्रभाआत्या

*

चेन्नई
९ डिसेंबर २०२५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

इस्त्री आठवते. अजूनही ऑफिसमधून निघताना मी चहाच्या किटलीचा प्लग काढते, त्यावरून सगळे हसतात.

शनिवारी, वीस तारखेला पहाटे निघेन. कृष्णगिरी, सेलम आणि मेट्टुपाळयम इथे चार्जिंग करेन. तिथपर्यंत हवा गरम आहे, अडचण नाही. पुढे घाट आहे आणि थंडी. चढाला वीज जास्त लागते. बॅटरी गारठली की आत साठलेलंसुद्धा पूर्ण देत नाही, आणि चार्जही सावकाश होते. उटीतला चार्जर बंद असल्याचं दिसतंय. म्हणजे तुमच्याकडे पोचेन तेव्हा गाडीत फार थोडी वीज उरलेली असेल. एमराल्डहून उटीपर्यंत पुन्हा चढ आहे, तो ओलांडला की पुढे उतारच. तेव्हा रात्रभर पडवीतल्या प्लगवर गाडी चार्ज करावी लागेल. घरच्या प्लगवर वेळ लागतो, पण एका रात्रीत पुरेसं होईल.

त्या रात्री गीझर लावू नकोस, हीटरही नको. तुमची लाइन जुनी आहे. मशीनला अडचण येता कामा नये. सिलिंडर भरून ठेव.

सोमवारी तुमच्याकडे दिवसभर वीज बंद राहणार असल्याचं वीजमंडळाच्या साइटवर आहे. आपण रविवारी सकाळीच निघू, त्यामुळे फरक पडणार नाही.

कनकामामींनी खोली धुऊन घेतली. निघताना चाकाखाली लिंबू ठेवणार म्हणतात. ठेवू दिलं आहे.

तुझी,
इरा

*

चेन्नई
२६ डिसेंबर २०२५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

पोचले. तू सगळं पाहिलंस, तरी लिहून काढते. घडलेलं एकामागून एक लावल्याशिवाय मला सुचत नाही.

शनिवारी संध्याकाळी मी आले तेव्हा गाडीत अकरा टक्के वीज होती. अंदाजाइतकीच. जेवणाआधी पडवीतल्या प्लगला गाडी लावली. जेवून, दमलेली असल्यामुळे, झोपले. रविवारी सकाळी काचेवर बर्फाचा पापुद्रा होता, प्लग काढलेला होता आणि वायर गुंडाळून खिळ्याला टांगलेली होती. आतोबांच्या पद्धतीची गुंडाळी, सुतळीची गाठ वर. गाडीत रात्रीपेक्षा जेमतेम एक टक्का जास्त. तेवढ्यावर मी एकटी कदाचित उटी गाठली असती. आतोबांना आणि मशीनला घेऊन चढावर बंद पडायचा धोका घेणं शक्य नव्हतं.

रविवारी दिवसभर पुन्हा लावली. पण तोवर आतोबांना हुडहुडी भरली होती. रात्री स्वेटर न घालता ते पडवीत गेले होते, हे तू नंतर सांगितलंस. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि हलवायचं नाही म्हणाल्या. सोमवारी वीज गेली, तेव्हा मशीन माझ्या गाडीवर चाललं. चेन्नईला न्यायला आणलेली गाडी दारात उभी राहून त्यांना हवा पुरवत होती. मंगळवारी रजा संपली म्हणून मी निघाले. आतोबा झोपलेले होते. उठवलं नाही.

आता एकच प्रश्न आहे आणि तू खरं उत्तर दे. आतोबांना यायचं नव्हतं का? नसेल तर तसं सांग. मला राग येणार नाही. पण मग मी पुन्हा गाडी आणणार नाही, आणि त्यांना पुन्हा विचारणारही नाही.

तुझी,
इरा

*

एमराल्ड
१ जानेवारी २०२६

चि. इरास अनेक आशीर्वाद.

राग येणार नाही असं लिहिलंस, आणि सगळं पत्र रागाने भरलेलं आहे. असू दे. तेवढा तरी ऊबदारपणा तुझ्या पत्रात आला.

तू विचारलंस म्हणून सांगते. शनिवारी दुपारीच ह्यांनी दाढी केली, नंजनला बोलावून केस कापून घेतले. बूट दाराशी ठेवले, टोकं बाहेरच्या बाजूला करून. नंजनकडून चेन्नईजवळ समुद्रावर कोवलमला ताजी मासळी कुठे मिळते ते वदवून घेतलं. तो जन्मात कोवलमला गेलेला नाही, तरी सांगत होता. न येणारा माणूस असं करतो का?

सोमवारी तू आरोग्य केंद्रात गेली होतीस, तेव्हा मी ह्यांना पाटीवर लिहून विचारलं. तशी मला ऐकू येत नसल्याने आमचं भांडणही पाटीवरच होतं. ह्यांनी लिहिलं, वायर गरम होती. एवढंच. रात्री जाग आली, पडवीत उजेड दिसला म्हणून गेले, वायरीला हात लावला, गरम लागली. मग काढली. ती गाडीची आहे, सकाळी निघायचं आहे, यातलं त्यांच्या डोक्यात काही नव्हतं. सकाळी तुला काचेवरचं बर्फ खरवडताना खिडकीतून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. तेव्हापासून पोरगी रागावली आहे का, एवढंच विचारतात.

ताप उतरलेला नाही. खोकल्यात रक्त दिसतं. डॉक्टरीणबाई दोनदा येऊन गेल्या. उटीच्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं की डोळे मिटून घेतात.

तुला निरोप आहे. जाड वायर घे म्हणाले.

तुझी,
आत्या

*

चेन्नई
५ जानेवारी २०२६

ती. आतोबांस,
इराचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र तुम्हाला आहे, आत्याने फक्त पाकीट फोडावं.

मी रागावलेली नाही. तुम्ही बरोबर होतात. तेवढा वेळ तेवढी वीज वाहिली की ती वायर गरम होते. माझ्या हिशेबात ते चालण्याजोगं होतं. मी गारठा पाहिला, चढ पाहिला, तुमची जुनी लाइन आणि गीझर पाहिला. गरम वायर तुम्हाला दिसली तर तुम्ही काय कराल, हे तेवढं पाहिलं नाही. मला प्लग काढायला शिकवणारे तुम्हीच, तेव्हा मला ते सुचायला हवं होतं.

जाड वायर घेतली आहे. ऑफिसच्या शीतकक्षात ठेवून, तितकाच भार देऊन रात्रभर चालवली. सकाळी हात लावून पाहिला. गार होती. तुमच्या हाताने तपासली तरी पास होईल.

पोंगलच्या सुट्टीत, चौदा तारखेला निघते. या वेळी प्लग लावल्यावर तुम्हाला आधी दाखवेन, मग झोपेन. कोवलमला मासळी पहाटे होड्या लागतात तेव्हा मिळते. नंजनने सांगितलेली जागा चुकीचीच असणार. बरोबर जागा मी दाखवेन.

औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
इरा

*

एमराल्ड
१२ जानेवारी २०२६

चि. इरास आशीर्वाद.

नंजनने तुला फोनवर कळवलंच आहे. आठ तारखेला दुपारी हे गेले. मशीन चालू होतं. मला त्याचा आवाज येत नाही, त्यामुळे मी आपली शेजारी बसून गाजरं किसत होते. नंजनची बायको आली, तिने पाहिलं.

तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. ह्यांच्यासाठी आहे म्हणून मी नुसतं पाकीट फोडलं आणि खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवलं. संध्याकाळी मग वाचून दाखवलं. मोठ्याने वाचलं असावं, नंजन धावत आला होता.

चौदाला ये म्हणत नाही. तेराव्याला ये. कनकामामींना सांग, खोली दुसऱ्या कुणाला द्या. मला ते गाव सोसायचं नाही, आणि कुणासाठी यायचं हेही उरलेलं नाही. तुझ्या मायेत खोट आहे म्हणून नव्हे.

आत्या

*

चेन्नई
२५ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

पाकिटावर सवयीने सौ. लिहिलं होतं. पाकीट बदललं.

सुखरूप पोचले. कनकामामींनी खोलीला पुन्हा कुलूप लावलं. भाडेकरू बघते म्हणतात, पण अजून पाटी लावलेली नाही. तुझ्या आग्रहाने आणलेली गाजरं त्यांना दिली. तुझ्या येण्याबद्दल मी पुन्हा लिहिणार नाही. तू नाही म्हणालीस, तेही दोनदा. आठ दिवसांत मन बदलेल असं बाबा नाशिकहून फोनवर सांगतात. तू बाबांची मोठी बहीण आहेस, तरी ते तुला ओळखत नाहीत.

एक गोष्ट तिथे बोलले नाही, ती लिहिते. या वेळी उटीतला चार्जर चालू होता. तुझ्याकडे आले तेव्हा गाडीत ऐंशी टक्के वीज होती. परतीचा चढ, पुढचा उतार, सगळं धरून ती पुरून उरणार होती. शेवटच्या रात्री गाडी पडवीत लावायची काहीच गरज नव्हती. तरी मी नवी जाड वायर काढली आणि प्लग लावला. का लावला, ते मला लिहिता येत नाही.

सकाळी उठले तेव्हा प्लग काढलेला होता. वायर गुंडाळून खिळ्याला टांगली होती, सुतळीची गाठ वर. तू स्वयंपाकघरात चहा गाळत होतीस. संध्याकाळची फेरी आता तू करतेस, हे मला तेव्हा कळलं.

मी पडवीत जाऊन वायरीला हात लावला. गार होती.

या पत्राला उत्तर नसलं तरी चालेल. पत्र मात्र येत राहू दे.

तुझी,
इरा