डबा कधी बंद पडला नाही

बदलापूर गाव
सोमवार, ९ फेब्रुवारी २००९

प्रिय महेंद्र,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, पत्राच्या शेवटापर्यंत धीर टिकेल की नाही सांगता येत नाही. फोनवर तू "बरी आहेस ना, ठेवतो" म्हणतोस, आणि मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावत नाही. म्हणून जुन्या वहीचे कोरे कागद काढून बसले आहे. पाठपोट लिहिते आहे, उलटून वाच.

गुरुवारी मी तुला सांगितलं, मुकेशच्या लग्नाची पत्रिका आली. बावीस तारखेला, रविवारी, उल्हासनगरलाच. स्वतः आला होता, मिठाईचा पुडा घेऊन, आणि पाया पडला. तू म्हणालास, "त्या डुप्लिकेटवाल्याच्या लग्नाला तूही जायचं नाहीस." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्याशी नुसती उभी राहिले. दूध उतू गेलं. माझं दूध कधी उतू जात नाही, तुला ठाऊक आहे.

मागच्या वर्षीच्या संक्रांतीला तुम्ही दोघं गच्चीवर पाइप उभा करत होतात, ते सारखं डोळ्यांपुढे येतं. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आपल्या घरापर्यंत आलं होतं. पुढे बारवी धरणाजवळच्या वाडीला तार नाही, आणि चार घरांसाठी कोणी टाकणारही नाही. तू म्हणालास, तार कशाला, हवेतून नेऊ. पाइपावर ती कढईएवढी अँटेनाची जाळी बांधलीत, तिचं तोंड धरणाच्या डोंगराकडे, आणि तशीच दुसरी वाडीतल्या देवळाशेजारच्या खोलीवर. सामान मुकेशच्या दुकानातलं, डोकं तुझं, गच्ची माझी. "आई, तूपण पार्टनर," असं म्हणून तुम्ही दोघांनी माझ्या हातचे सगळे तिळाचे लाडू संपवलेत. वायर आत घ्यायला देवघराची खिडकी जवळ पडली, प्लगही तिथेच. म्हणून ती वायर जोडलेला नेटचा डबा बाळकृष्णाच्या फळीखाली बसला.

वाडीतल्या लोकांनी किती विश्वास टाकला होता तुझ्यावर. देऊबाबांच्या राजेशने कुठून तरी जुना कॉम्प्युटर आणला आणि त्या खोलीत मांडला. मुलांची शाळा सकाळची, संध्याकाळी गुरं आणि पाणी, म्हणून शिकवायचं ते दुपारी एक ते चार. आणि नेमकं एक वाजला की तिथलं नेट जायचं, चारला परत यायचं. सोमवार ते शनिवार. रविवारी मात्र दिवसभर चालायचं. तू धरणाजवळच्या दोन बंगल्यांनाही जोडणी दिली होतीस, ते लोक मुंबईहून रविवारीच येतात. मग वाडीने काय समजायचं? त्यांनी सरळ जोडून टाकलं, की बंगलेवाले असले की हा दिवसभर चालू ठेवतो, एरवी आपला वाटा काढून त्यांच्यासाठी राखतो.

तू किती राबलास ते मी पाहिलं आहे. अंबरनाथच्या नोकरीतून अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून दुपारी वाडीला जायचास, त्या खोलीवर चढायचास. उन्हाळ्यात म्हणालास, ऊन तापलं की जाळीमागचं नेट पकडणारं यंत्र, तो रेडिओ, बसतो. त्यावर पत्रा बांधलास, ओलं गोणपाट गुंडाळलंस. मुकेशने तीनदा रेडिओ बदलून दिला, तक्रार न करता. मग पाऊस आला, ऊन गेलं, तरी तेच. तेव्हा म्हणालास, ओल धरते. लाइट गेली तरी चालावं म्हणून इकडे बॅटरी लावली होतीस, त्यामुळे आपल्या घराकडे तुझा संशय कधी वळलाच नाही. एकदाच, जेवता जेवता, तू मला विचारलंस, "आई, दुपारी हा डबा बंद पडतो का गं?" मी म्हटलं, "नाही रे, एकदाही बंद पडला नाही." खरं तेच सांगितलं मी. पुढचं वाच म्हणजे कळेल.

दहावीच्या निकालाचा दिवस तर माझ्या मनातून जातच नाही. वाडीतली सात मुलं बसली होती परीक्षेला, राजेशची बहीण सोनियापण. पहिल्यांदाच निकाल वाडीत बसून बघायचा, म्हणून बायका कामावरून लवकर आल्या, कोणी पेढे आणले होते. दुपारी निकाल लागला आणि पडद्यावर काही येईना. तू मोटरसायकलवरून धावत गेलास. सगळ्यांसमोर देऊबाबा तुला म्हणाले, "धरान आमचे दारान, पानी तुमचे नलान. आता ह्या नेटचा पन तसाच काय रं?" पोरं मग निकाल पाहायला बदलापूरला आली. घरी येऊन तू जेवला नाहीस. हे एवढं वाक्य सांगितलंस आणि भिंतीकडे तोंड करून पडलास. त्या दिवशी मी सकाळपासून देवाकडे एकच मागत होते, माझ्या पोराला यश दे. शिऱ्याचा नैवेद्य केला होता. आणि नैवेद्य झाल्यावर मी काय केलं, ते आता लिहायला हवं.

गणपतीत तू मुकेशशी भांडलास, ते आपल्या दारातच. तो शांतपणे म्हणत होता, "चौथा पीस देतो, कंपनीकडून सीलबंद." तू म्हणालास, "शेवटी उल्हासनगरचाच माल. तुमच्या कॅम्पात माणसंपण डुप्लिकेटच बनतात." तो हसण्यावारी नेईल असं मला वाटलं, तुम्ही पोरं एकमेकांना काय काय बोलता. पण त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "महेंद्र, माझे आजोबा सगळं तिकडे सिंधमध्ये टाकून आले. इथे आणलं ते फक्त नाव. त्याला नको बोलूस." आणि निघून गेला. नवरात्रात तू पुण्याची नोकरी धरलीस. घर एकदम गप्प झालं.

दिवाळी झाल्यावर मुकेश आला, जाळी आणि डबा उतरवून न्यायला. दुपारचे दोन वाजले असतील. मी त्याला दारातच म्हटलं, "हळू बाबा, ठोकाठोकी चारनंतर कर, देव निजलाय." तो चप्पल काढून आत आला, फळीखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "आंटी, ये बंद क्यूं है?" मी म्हटलं, मीच केला. तो म्हणाला, "आज?" मी म्हटलं, "रोजच. नैवेद्य झाला की."

महेंद्र, तुझे बाबा गेल्यापासून दुपारी घरात मी एकटी. एक वाजता नैवेद्य दाखवायचा, बाळकृष्णाला पाळण्यात निजवायचं, पडदा ओढायचा, हा माझा नेम तू लहानपणापासून बघतो आहेस. त्या डब्याची घरघर आणि ते हिरवे दिवे त्याच्या तोंडावर लुकलुकायचे. लहान मूल निजेल का असं? शिवाय तू घरी नाहीस, कॉम्प्युटर बंद, मग वीज कशाला जाळायची, हाही विचार होताच, खोटं कशाला सांगू. मला वाटायचं तो डबा आपल्या घरचा, वाडीचा डबा वाडीत; वाडीचं नेट याच डब्यातून जातं, हे मुकेशने सांगितलं तेव्हा कळलं. चारला देवाला उठवलं की बटण दाबायचं. रविवारी तू जेवून कॉम्प्युटरवर बसायचास, म्हणून हात लावत नव्हते. तू विचारलंस बंद पडतो का. बंद करतेस का, असं विचारलं असतंस, तर मी त्याच ताटावर हो म्हटलं असतं.

मुकेश जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. मला वाटलं आता ओरडेल. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. जाळी उतरवलीच नाही. म्हणाला, "आंटी, बस हा स्विच चालू ठेवा. आणि महेंद्रला यातलं काही सांगू नका. तो माझ्यावर चिडलाय ते ठीक आहे, मी सहन करतो. तुमच्यावर चिडला तर जाईल कुठे? तुमच्या किसनजीची शपथ घ्या." मी बाळकृष्णावर हात ठेवून शपथ घेतली. त्याच दिवसापासून देवाला निजायला स्वयंपाकघरातल्या फडताळात नेते. वाडीत आता दुपारभर नेट चालतं. बंगलेवाल्यांकडचं आणि वाडीचं, दोन्हीकडचं मुकेशच बघतो.

पण झालं काय, वाडीतले लोक म्हणायला लागले, महेंद्र गेला आणि नेट सुरळीत झालं, म्हणजे चोर तोच. मुकेशने त्यांना किती समजावलं, मशीनमध्ये दोष होता म्हणून. स्वतःच्या मालाला नाव ठेवून तुझं नाव झाकत होता बिचारा, तरी कोणी ऐकेना. हे मला कळलं ते पौषात, राजेश बाजारात भेटला तेव्हा. तरीही मी गप्प. शपथ मुकेशने मागितली खरी, पण सोय माझी झाली. रोज हात जोडताना मला ते ठाऊक असायचं. दमले रे मी. काम करून दमत नाही एवढी या तीन महिन्यांत दमले.

परवा शनिवारी जीपमध्ये बसून वाडीला गेले. देऊबाबा अंगणात होते, राजेशची आई, तुळशी, भात पाखडत होती. मी पाणीसुद्धा घेतलं नाही, उभ्यानेच सांगितलं, की माझ्या मुलाने कोणाचा वाटा काढला नाही, तुमचं नेट रोज मी बंद करत होते, माझ्या देवाच्या झोपेसाठी. निकालाच्या दिवशीही मीच. आजूबाजूच्या बायका जमल्या. मग तुळशी म्हणाली, "अगो बाय, तुझे देवाला आमचेकडं धाडाचा व्हता. हितं दुपारचा कोन निजतंय?" सगळ्या हसल्या, मला हसता आलं नाही. सोनिया आतून पाणी घेऊन आली. पंचावन्न टक्के मिळाले आहेत तिला. देऊबाबा उठले, मला जीपपर्यंत सोडायला आले, आणि म्हणाले, "पोराला सांग, म्हाताऱ्याचा बोलना चुकला. त्याला येकदा हिकडं पाठव." त्यांचा निरोप तुला पोचवला.

आता शपथ तेवढी राहिली होती, ती या पत्राने मोडली. काल सकाळी पूजेच्या वेळी देवाला सांगून टाकलं, की हे मी करणार आहे, मला काय शिक्षा द्यायची ती दे. तुला लिहायचं कारण एकच. बावीस तारखेला तू मुकेशच्या लग्नाला जा. त्याच्याकडे रेडिओबद्दल माफी मागू नकोस, त्या चुकीची धनीण मी आहे. दारात उभा राहून तू त्याच्या माणसांबद्दल जे बोललास, त्याची माग. रेडिओ खरोखर खराब निघाला असता, तरी ते बोलणं तुझंच होतं, ते माझ्या बटणाने आलं नव्हतं. मी हे पत्र लिहिलं हे त्याला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. त्याला वाटू दे, महेंद्र काहीच ठाऊक नसताना आला. आणि मग तिथून घरी ये. मला जे बोलायचं असेल ते इथे, समोर बसून बोल.

तुझीच,
आई