चौथा चौकोन

प्रिय धाकट्या,

अक्षर ओळखून पाकीट न फोडताच फेकावंसं वाटलं असेल, तर तुझं चुकलं नाही. पण फेकू नकोस. नऊ वर्षांनी लिहितोय, ते काही माझ्या गुडघ्यांचं रडगाणं गायला नाही. पत्ता रंगाच्या दुकानदाराकडून काढला. तोच तो, बारा महिने सर्दी झाल्यासारखा नाकातून बोलणारा. तू तिकडे चार माणसं हाताशी घेऊन कामं करतोस आणि तुझ्या भिंतींचे पोपडे निघत नाहीत, हेही त्यानेच सांगितलं. सांगताना माझ्याकडे टक लावून बघत होता मेला. मी नमुन्यांचं पुस्तक चाळत राहिलो. तू आधी वहिनीचं विचारशील, माहीत आहे मला. तिचं सांगतो, पण आधी भिंतीचं सांगू दे. दुसऱ्या क्रमाने माझ्याच्याने लिहवत नाही.

पश्चिमेची भिंत आठवते ना तुला? दुपारी दोनपासून दिवस बुडेपर्यंत ऊन तिच्यावर नुसतं ओणवं असतं. घर बांधलं तेव्हा मी तिला गडद तांबडा तैलरंग दिला, आरशासारखा चकचकीत. रंगाऱ्याचं घर लांबून ओळखू आलं पाहिजे, हा आपला तोरा. तुझी वहिनी तेव्हाच म्हणाली होती, पांढरा द्या हो, नाहीतर आत आपलं भरीत होईल. मी म्हटलं, तुला रंगातलं काय कळतं? गवंड्याची पोर ती, तिला सगळं कळत होतं. तू तेव्हा शिडी धरून खाली उभा होतास आणि तोंड दाबून हसत होतास. तुझ्या टाळूवर मी मुद्दाम ब्रश झटकला होता, आणि मग वहिनीने तुझे केस रॉकेलने पुसता पुसता मला जे काही ऐकवलं ते अजून कानात आहे.

तीन वर्षांपूर्वी तिचं हृदय दमायला लागलं. जिना बंद झाला, म्हणजे वरची हवेशीर खोली बंद झाली. खाली अंथरूण घालायला जागा एकच, ती पश्चिमेची खोली, न्हाणीघराला लागून असलेली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गोळ्या मी देते, पण खोली थंड ठेवणं तुमच्याकडे, उन्हाचा ताण यांना आता सोसणार नाही. मी हो म्हणून आलो. पंखा लावला की भट्टीतली हवा अंगावर. खिडकीला ओली चादर टांगावी तर अर्ध्या तासात ती कडक. संध्याकाळी सात वाजता भिंतीला आतून हात लावला तर चटका बसायचा. ती उशीला टेकून तोंडाने श्वास घ्यायची आणि वर मलाच म्हणायची, तुम्ही जरा बाहेर बसा, तुम्हाला घाम येतोय. लोकांच्या भिंतींवर आयुष्य काढलं मी, धाकट्या, आणि बायकोची एक खोली मला थंड करता येईना.

रंग बदलायचा हे ठरलं. कुठला, हा प्रश्न. दुकानात गेलो तर आता शंभर डबे. रबरासारखा ताणणारा, ऊन परतवणारा, पावसाला न जुमानणारा, प्रत्येकावर दहा वर्षांची हमी. मी त्याला विचारलं, दहा वर्षं डबा टिकेल रे, आपलं काय? तो म्हणाला, आपली हमी कंपनी देत नाही. हसलो दोघं. घरी येऊन तिला सांगितलं तर तीही हसली, आणि त्या हसण्याने तिला इतकी धाप लागली की पुन्हा विनोद सांगायचा नाही असं मी ठरवलं.

मग मी बाबांचा नियम काढला. उन्हातल्या भिंतीवर आधी चौकोन रंगवायचे, दोन उन्हाळे बघायचे, मगच डबा घ्यायचा. तांबडा रंग हातभर रुंदीच्या पट्ट्यात गिलाव्यापर्यंत खरवडला आणि पाच चौकोन काढले, खाली पेन्सिलीने आकडे. पहिल्यात साधा स्वस्तातला रंग, दुसऱ्यात तैलरंग, तिसऱ्यात ते रबर. पहिल्याचं पहिल्याच उन्हाळ्यात पीठ झालं, हात लावला की तळवा पांढरा. दुसऱ्याला फोड आले. रबर वर्षभर ऐटीत होतं, मग भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट मिळेना म्हणून पोट फुगल्यासारखं फुगलं आणि फाटलं.

चौथा आणि पाचवा एकाच डब्यातले, नीट वाच. ऊन परतवणारा पांढरा, तोच डबा, तोच ब्रश, तीच भिंत. पाचवा मी माझ्या सवयीने दिला, भर दुपारी, तापलेल्या भिंतीवर, जाड दोन हात, अस्तर न लावता. चौथा तुझ्या पद्धतीने. भिंत धुऊन पूर्ण वाळू दिली, अस्तर लावलं, एक दिवस थांबलो, आणि मग रोज सकाळी भिंत सावलीत असताना एक असे तीन पातळ हात. तू म्हणायचास ना, आपण सावलीच्या मागे चालायचं, सकाळी पश्चिम आणि दुपारी पूर्व, उन्हात दिलेला रंग वरून वाळतो आणि आतून भिंतीला धरतच नाही. मी तुला पंडित म्हणायचो. पाचव्याचे पोपडे दुसऱ्या उन्हाळ्यात हातात आले. चौथा आजही जसाच्या तसा आहे.

आता खरं सांगतो. चौथा टिकणार हे मला चौकोन काढायच्या आधीच ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी सरळ तुझ्या पद्धतीने भिंत रंगवली असती, तर तिला दोन उन्हाळे थंड खोली मिळाली असती. पण तशी रंगवली असती तर तिने विचारलं असतं, तुम्ही तर दुपारी रंगवता, हे सावलीचं कुठून आलं? आणि मग सगळंच बोलावं लागलं असतं. म्हणून बाबांचा नियम, म्हणजे चौकोनांनीच दाखवलं असं म्हणता येईल. बाबांनी तो गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी केला होता, मी तो लपायला वापरला. दोन उन्हाळे ती त्या खोलीत भाजत होती आणि मी बाहेर पेन्सिलीने तारखा टाकत होतो.

शाळेच्या इमारतीची गोष्ट तुला मी काय सांगायची! तिची पश्चिमेची बाजू मी रंगवली होती. तू दुसऱ्या अंगाला परांचीवर होतास, तिथून ओरडून सांगत होतास, दादा, गिलावा कच्चा आहे, अस्तर तरी लाव. मला लवकर उरकायचं होतं. कशासाठी, ते आता आठवतही नाही, बघ. एका उन्हाळ्यात ती भिंत सापासारखी कात टाकून मोकळी झाली. मुख्याध्यापक घरी आले, आपल्या अंगणात, वहिनीसमोर. त्यांनी विचारलं, या बाजूला कोण होतं? आणि माझ्या तोंडून निघालं, धाकटा.

एकच शब्द. घाबरलो होतो गिऱ्हाइकाला, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा समजावलं. ते खोटं आहे. मी तिला घाबरलो. तिच्या बापाने मला पोरगी दिली ती हा माणूस कामात लबाडी करत नाही एवढ्याच एका गोष्टीवर, आणि ती चारचौघींत तेच सांगून मिरवायची. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, मान खाली घातलीस आणि काही बोलला नाहीस. का बोलला नाहीस रे? बोलला असतास तर दोन दिवस घर डोक्यावर घेतलं असतं तिने, आणि मग तुलाही जेवायला वाढलं असतं आणि मलाही. तू माझा संसार वाचवायला गेलास. नऊ वर्षांचा होतास तू, ती लग्न करून आली तेव्हा. तिने तुला न्हाऊ घातलं, पाढे शिकवले, तापात मांडीवर घेऊन बसली. तिनेच तुला सांगितलं, खोटं काम करणाऱ्याला माझ्या घरात जागा नाही. पिशवी घेऊन तू फाटकातून गेलास आणि मी ब्रश धुवत बसलो होतो. स्वच्छ होता ब्रश. तरी धुवत होतो.

ती तुझं नाव घरात काढत नव्हती. पण आजारी पडल्यावर काढायला लागली. दुपारी ऊन चढलं की हटकून विचारायची, त्याने असं का केलं असेल हो? मी कुठे कमी पडले? मी म्हणायचो, पडून राहा. मनात म्हणायचो, भिंत होऊ दे, खोली गार होऊ दे, तिला जरा बरं वाटू दे, मग सांगतो. आज करतो, उद्या करतो, यातच आमचे दिवस गेले. धाकट्या, तुझी वहिनी गेली. मागच्या शुक्रवारी, दुपारी चारला, त्याच खोलीत. भिंतीचे दोन हात झाले होते, तिसरा राहिला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कशानेही झालं असतं, वाईट वाटून घेऊ नका. भली बाई आहे.

तिसरा हात मी चौथ्या दिवशी सकाळी दिला. शेजारणी तोंडाला पदर लावून बघत होत्या, म्हातारा भ्रमला म्हणून. माझा खांदा वर उचलत नाही, तरी दिला, सावलीत, पातळ, तुझ्या पद्धतीने. आता दुपारी त्या खोलीत जाऊन बसतो. गार असते रे. भर उन्हात भिंतीला आतून गाल लावता येतो. खाट रिकामी आहे, आणि खोली अशी की आजाऱ्याला झोप लागावी.

हे पत्र त्यासाठीही नाही. ती गेल्याचं तुला दुकानदाराने कळवलंच असतं. मागच्या महिन्यात एका सकाळी तिला जरा हुशारी होती, म्हणून खुर्चीत बसवून अंगणात आणलं, चौकोन दाखवायला. गवंड्याची पोर, तिने डोळ्यांनी नाही पाहिलं, एकेका चौकोनावर तळवा घासला आणि उलटा करून बघितला. पीठ, फोड, फाटलेलं रबर. चौथ्यावर घासला आणि तळवा कोरडा, स्वच्छ. पुन्हा घासला. मग पाचव्यावरचा पोपडा सोलून बोटात धरला आणि बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, शाळेची भिंत अशीच गेली होती ना? मी हो म्हटलं. तिने हात परत चौथ्यावर ठेवला आणि विचारलं, मग हे काम कुणाच्या हातचं शिकलात? ती विचारत होती, धाकट्या. मला आता वाटतं तिला कळलं होतं आणि तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. अंगणात आम्ही दोघंच होतो. मुख्याध्यापक नव्हते, घाई नव्हती, कशाचंच भय नव्हतं. मी म्हणालो, कुणाच्या नाही, माझंच आहे. तिने हात काढून घेतला आणि म्हणाली, मला आत न्या, ऊन येतंय. पश्चिमेची भिंत ती, दुपारपर्यंत सावलीतच असते. त्यानंतर तिने तुझं नाव पुन्हा काढलं नाही.

तुझाच म्हणायचं तोंड राहिलं नाही, तरी तुझाच,
दादा